रजिस्टर आहे, पण वाचतो कोण?



गेल्या रविवारी सकाळी ओळखीतल्या घरातला एक मुलगा आमच्याकडे आला. वडील पालिकेत सफाई खात्यात, आई घरी शिलाईमशीन चालवते. मुलाने बारावीनंतर हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केला आणि आता तो एका कंपनीच्या सर्व्हर-रूममध्ये कंत्राटावर रात्रपाळी करतो. "जय भीम, काका" म्हणून खुर्चीवर बसला, पण चहाला हात लावीना. कपातला चहा निवत गेला.

शेवटी त्याने तोंड उघडले. कंपनीतला जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता. साहेबांनी सांगितले, "जुन्यावर जसे आहे तसेच नव्यावर करून ठेव." जुन्या सर्व्हरवर दोन लहानशा फायली होत्या. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला अडवायचे ते त्यांत लिहिलेले होते. पोराने त्या इमानाने नव्या सर्व्हरवर उतरवल्या. तीन आठवड्यांनी साहेबांनी लॉग उघडून पाहिला, तर बाहेरच्या कुठल्या कुठल्या पत्त्यांवरून रात्र-रात्र कोणीतरी दार ठोठावत होते आणि पासवर्डचे अंदाज घेत होते. नशिबाने आत कोणी शिरले नव्हते. पण साहेबांनी विचारले, "बाहेरच्याला दारापर्यंतसुद्धा येऊ द्यायचे नाही, असे तू लिहिले होतेस ना? मग हे काय?" पोराजवळ उत्तर नव्हते. कंत्राट पुढच्या महिन्यात संपते आहे.

"काका, नियम शब्दन् शब्द बरोबर होते. मी दहा वेळा पडताळून पाहिले. मग दार उघडे कसे राहिले?"

त्याला जे समजावून सांगितले, तेच आज या सदरात मांडतो आहे. आपली कितीतरी मुले-मुली आता या धंद्यात आहेत. रात्रभर ती नेमके काय काम करतात, हे घरच्यांना ठाऊक नसते. आणि मुलांनाही पुष्कळदा "असे टाइप कर" एवढेच शिकवलेले असते, "का" ते कोणी सांगत नाही.

खिडक्यांचे कार्यालय

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहणारा, दुसऱ्या संगणकांची कामे करून देणारा संगणक. असे पुष्कळसे सर्व्हर युनिक्स किंवा त्याच घराण्यातल्या लिनक्सवर चालतात. पोस्टाच्या कचेरीत जशा वेगवेगळ्या खिडक्या असतात, मनीऑर्डरची वेगळी, रजिस्टरची वेगळी, तशा सर्व्हरलाही नंबर लावलेल्या खिडक्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. ई-मेलची देवाणघेवाण २५ नंबरवर, वेबची पाने ८० आणि ४४३ वर, आणि लांबून बसून सर्व्हरचा कारभार पाहण्याची एसएसएच ही सोय २२ नंबरवर. प्रत्येक खिडकीमागे एक प्रोग्राम बसलेला असतो आणि तो हाकेची वाट पाहतो.

वेबची खिडकी सगळ्या जगासाठी उघडी ठेवावी लागते, कारण ती त्यासाठीच आहे. पण २२ नंबरची खिडकी म्हणजे कचेरीच्या तिजोरीची खोली. तिथे कारभाऱ्यांखेरीज कोणाचे काम नाही. मग तिथे पहारेकरी उभा करावा लागतो. समोरचा कोणत्या पत्त्यावरून आला आहे ते पाहायचे, आणि तेवढ्यावरून सोडायचे की अडवायचे ते ठरवायचे, हे त्या पहारेकऱ्याचे काम. पासवर्ड विचारण्याची पाळी त्यानंतर येते.

पहारेकरी कुठून आला?

या पहारेकऱ्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९९० साली हॉलंडमधल्या आइंडहोव्हन शहराच्या तंत्रविद्यापीठात एका चोरट्याने उच्छाद मांडला होता. तो विद्यापीठाच्या संगणकांत पुन्हा पुन्हा शिरे, सगळ्यात वरचे अधिकार मिळवी, आणि आपला माग राहू नये म्हणून जाताना यंत्रावरचे सगळेच्या सगळे पुसून टाकी. बहुतेक वेळा टेपवरच्या नक्कलप्रती होत्या म्हणून निभावत असे. पण चोर कोण आणि येतो कुठून, हे कळेना, कारण पुराव्याचा कागदच तो जाळून जात होता.

वित्झे व्हेनेमा नावाचे गृहस्थ तेव्हा त्या विद्यापीठात काम करीत. त्यांच्या ध्यानात आले की चोर आत शिरण्याआधी आणि नंतरही 'फिंगर' नावाच्या सेवेतून यंत्रावर कोण कोण बसले आहे ते पाहत असतो. त्या सेवेला पासवर्ड लागत नसे आणि तिची नोंदही कुठे राहत नसे. म्हणजे खिडकीतून आत डोकावणाऱ्याचे नाव लिहून ठेवणारा कोणीच नव्हता.

तेव्हाच्या युनिक्स यंत्रांवर एकच प्रोग्राम सगळ्या खिडक्यांवर कान ठेवून असे. हाक आली की त्या त्या खिडकीचा खरा प्रोग्राम तो उठवी. व्हेनेमांनी साधी युक्ती केली. खरा प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवला आणि त्याच्या जागी, त्याच नावाने, स्वतःचा छोटासा प्रोग्राम बसवला. हाक आली की हा छोटा प्रोग्राम आधी उठे, कोणत्या पत्त्यावरून हाक आली ते टिपून ठेवी, मग खऱ्याला उठवी आणि आपण बाजूला होई. बाहेरच्याला काही पत्ता लागत नसे. खऱ्या प्रोग्रामच्या एका अक्षरालाही हात लावावा लागला नाही. बिस्किटाला कागद गुंडाळतात तसे हे वेष्टन, म्हणून त्याचे नाव पडले 'टीसीपी रॅपर'.

आधी नुसती नोंद होती. पुढे त्याला नको त्या पत्त्यांना परत पाठवण्याचे काम शिकवले गेले. १९९२ साली व्हेनेमांनी अमेरिकेतल्या एका परिषदेत हे सारे निबंधाच्या रूपाने मांडले आणि प्रोग्राम जगाला फुकट वापरू दिला. पुढे पोस्टफिक्स हा ई-मेल वाहणारा प्रसिद्ध प्रोग्रामही त्यांनीच लिहिला.

दोन याद्या आणि पहारेकऱ्याची रीत

आपल्या मुलाने उतरवलेल्या दोन फायली या पहारेकऱ्याच्याच. 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये त्या राहतात. एक 'होस्ट्स डॉट अलाऊ', म्हणजे आत सोडायची यादी. दुसरी 'होस्ट्स डॉट डिनाय', म्हणजे अडवायची यादी. एका ओळीत एक नियम. डावीकडे सेवेच्या प्रोग्रामचे नाव, मध्ये विसर्गचिन्ह, उजवीकडे पत्ता. छपाईसाठी इथे देवनागरीत देतो, यंत्रावर हे इंग्रजी अक्षरांत लिहायचे:

सोडायच्या यादीत: एसएसएचडी : १९२.१६८.१०.
अडवायच्या यादीत: ऑल : ऑल

पहिल्या ओळीचा अर्थ असा की १९२.१६८.१० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांना, म्हणजे आपल्या कचेरीतल्या यंत्रांना, एसएसएचच्या खिडकीवर येऊ द्या. दुसरीचा अर्थ, बाकी सगळ्यांना सगळीकडे अडवा.

आता पहारेकऱ्याची रीत नीट समजून घ्या. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांपुढे आणा. त्याच्याजवळ दोन वह्या आहेत. माणूस आला की तो आधी सोडायची वही उघडतो. नाव सापडले की सोडतो, दुसरी वही उघडतच नाही. नाव नसेल तर अडवायची वही उघडतो. तिथे नाव सापडले की अडवतो. आणि दोन्ही वह्यांत नाव नसेल तर? तर तो सोडून देतो!

बहुतेकांची चूक इथेच होते. आपल्याला वाटते, ज्याचे नाव कुठेच नाही त्याला वॉचमन थांबवील. हा थांबवीत नाही. म्हणून अडवायच्या वहीत "ऑल : ऑल" ही ओळ लागते. ती लिहिली नाही, तर ज्याचा विचार तुम्ही केला नाही अशा प्रत्येकाला दार मोकळे. आणि चोर त्यांच्यातलाच असतो.

वही वाचण्याची रीत वरून खाली, आणि पहिली जुळणारी ओळ हीच शेवटची. चाचणीसाठी कोणी सोडायच्या वहीत "ऑल : ऑल" लिहून ठेवले आणि खोडायला विसरला, तर दुसऱ्या वहीत कितीही कडक नियम असोत, ती वही कधी उघडलीच जात नाही.

एक सोय मात्र चांगली आहे. प्रत्येक हाकेला पहारेकरी वही नव्याने वाचतो. नियम बदलला की लगेच लागू, यंत्र बंद करून चालू करावे लागत नाही. पण त्यामुळे चूकही लगेचच लागू होते.

लहान चुका, मोठे दार

या फायलींत हमखास होणाऱ्या काही चुका मुलांनी वहीत लिहून ठेवाव्यात.

एक. पत्त्याच्या शेवटचा टिंब. "१९२.१६८.१०." असे टिंबासह लिहिले तर त्याने सुरू होणारे सगळे पत्ते धरले जातात. टिंब विसरलात तर ती ओळ कोणालाच लागू पडत नाही. नावाच्या बाबतीत उलटे आहे. तिथे टिंब आधी येतो, आणि त्याने संपणारी सगळी यंत्रे धरली जातात.

दोन. प्रोग्रामचे नाव. सेवेला आपण एसएसएच म्हणतो, पण खिडकीमागे बसलेल्या प्रोग्रामचे नाव एसएसएचडी. शेवटचा 'डी' गाळलात तर ओळ वाया. सोडायच्या वहीत ही चूक झाली तर तुम्ही स्वतःच बाहेर राहाल. अडवायच्या वहीत झाली तर चोर आत येईल. पहिली चूक लगेच कळते. दुसरी कळतच नाही, आणि म्हणून ती जास्त वाईट.

तीन. फाईलच्या अगदी शेवटच्या ओळीनंतर 'एंटर' दाबायला विसरणे. पहारेकरी ती ओळ अपुरी समजतो आणि सोडून देतो. पुष्कळदा "ऑल : ऑल" हीच शेवटची ओळ असते.

चार. फाईलच नसणे. नावात एक अक्षर चुकले, किंवा फाईल भलत्याच फोल्डरमध्ये पडली, तर पहारेकरी तक्रार करीत नाही. तो वही कोरी आहे असे धरतो. दोन्ही वह्या कोऱ्या, म्हणजे सगळ्यांना प्रवेश.

या चुका धरण्यासाठी रॅपरबरोबरच दोन अवजारे मिळतात. 'टीसीपीडीचेक' वह्या तपासून चुका दाखवते. 'टीसीपीडीमॅच' ला सेवेचे नाव आणि एक पत्ता दिला की नियमाप्रमाणे तो सुटेल की अडेल ते ते सांगते.

मग नव्या सर्व्हरवर काय झाले?

आपल्या मुलाने यातली एकही चूक केली नव्हती. टिंब जागेवर, 'डी' जागेवर, शेवटचे 'एंटर' जागेवर. तरी दार उघडे.

मी त्याला विचारले, "जुने यंत्र कोणते होते?" म्हणाला, "सेंटओएस सात." सेंटओएस सात आणि तिची थोरली बहीण रेड हॅट सात यांची नेहमीची देखभाल ३० जून २०२४ ला संपली. म्हणून पुष्कळ कंपन्यांनी यंत्रे बदलली. सात नंबरच्या त्या आवृत्तीत एसएसएचडी या वह्या वाचत असे. पण रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, टीसीपी रॅपर काढूनच टाकला. नवे यंत्र त्याच घराण्यातले, त्यापुढच्या आवृत्तीचे होते. त्यावर वह्या होत्या, नियम होते, सुवाच्य अक्षर होते. फक्त वाचणारा पहारेकरी नव्हता.

हे अचानक झालेले नाही. एसएसएच लिहिणाऱ्या मंडळींनी ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या ६.७ या आवृत्तीतून रॅपरचा आधार काढला. डेबियनसारख्या काहींनी स्वतःचे ठिगळ लावून तो पुढेही चालू ठेवला. फेडोराने २०१८ मध्ये सोडला. म्हणजे एकाच वेळी काही यंत्रे या वह्या वाचतात आणि काही वाचत नाहीत, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. न वाचणारे यंत्र "मी हे वाचत नाही" असेही सांगत नाही. फोल्डरमध्ये कोणतीही जादा फाईल ठेवली म्हणून यंत्र का बोलेल?

मूळ रॅपरची शेवटची आवृत्ती ७.६ ही १९९७ सालची. आता फायरवॉल हे काम यंत्राच्या गाभ्यातच करते, म्हणून याची गरज उरली नाही, असे काढणाऱ्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. रॅपर फक्त त्याच प्रोग्रामांना लागू पडतो जे त्याला विचारतात. फायरवॉलला विचारावे लागत नाही, ती सगळ्यांच्या आधी उभी असते.

मुलगा म्हणाला, "मग फायरवॉल तर नव्या यंत्रावर चालू होती." होती. पण रेड हॅट घराण्यात फायरवॉल सुरुवातीलाच एसएसएचची खिडकी सगळ्यांना उघडी ठेवते, नाहीतर नवे यंत्र लांबून चालवताच येणार नाही. ती खिडकी फक्त कचेरीपुरती करायचे काम जुन्या यंत्रावर वह्या करीत होत्या. वह्या गेल्या आणि ते काम कोणाकडेच उरले नाही.

नियम लिहिला म्हणजे तो अमलात आला असे नव्हे, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. यंत्राच्या बाबतीतही तेच. प्रत्येक नियमाबाबत दोन प्रश्न विचारावेत: हा वाचतो कोण, आणि तो वाचणारा आज कामावर आहे काय?

तपासायचे कसे?

पहिली तपासणी यंत्रावर बसून. 'एलडीडी' ही आज्ञा एखादा प्रोग्राम कोणकोणत्या जोड-फायली वापरतो त्याची यादी देते. एसएसएचडीच्या यादीत 'लिबरॅप' हे नाव दिसले तर तो वह्या वाचतो. नाही दिसले तर त्या वह्या शोभेच्या.

दुसरी तपासणी बाहेरून, आणि तीच खरी. आपल्या मोबाईलचे वायफाय बंद करून डेटा चालू करा, म्हणजे तुम्ही बाहेरचे झालात. साहेबांना सांगून, त्यांच्या परवानगीने, स्वतःच्याच सर्व्हरचे दार ठोठावून पाहा. पासवर्ड विचारला गेला तर दार उघडे आहे. आतून तपासलेले कुलूप हे न तपासलेले कुलूप. मुलाने दहा वेळा पडताळले, पण दहाही वेळा कचेरीत बसून, आणि तेही फायलीतली अक्षरे. बाहेर उभे राहून एकदा पाहिले असते तर पहिल्याच दिवशी कळले असते.

आता काय करावे?

अशा यंत्रावर नियम फायरवॉलमध्ये लिहावेत. रेड हॅट घराण्यात 'फायरवॉलडी' आहे. त्यात कचेरीच्या पत्त्यांसाठी वेगळा विभाग करायचा, एसएसएच त्या विभागात द्यायचे, आणि सर्वांसाठीच्या 'पब्लिक' विभागातून काढून टाकायचे. उबुंटूवर 'यूएफडब्ल्यू' आहे. तिथे आधी कचेरीच्या पत्त्यांना २२ नंबरवर परवानगी द्यायची आणि मगच फायरवॉल चालू करायची. क्रम चुकला तर आपणच बाहेर.

त्याखेरीज एसएसएचच्या स्वतःच्या फाईलमध्ये 'अलाऊ यूजर्स' या शब्दापुढे कोणता माणूस कोणत्या पत्त्यावरून येईल ते लिहिता येते. एका दाराला दोन कड्या असाव्यात. एक कडी कोणी काढून नेली तरी दुसरी राहते.

आणखी एक सावधगिरी. एका प्रोग्रामची रीत दुसऱ्याला लावू नका. पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या प्रोग्रामलाही पत्त्यांची एक वही असते. तिच्यातही वरून खाली वाचत पहिली जुळणारी ओळ धरतात. पण तिथे कोणतीच ओळ जुळली नाही तर प्रवेश नाकारला जातो, रॅपरच्या अगदी उलट. आणि ती वही बदलली तर प्रोग्रामला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते, आपोआप वाचली जात नाही. एनएफएस ही फोल्डर वाटून देणारी सेवा घ्या. तिच्या फाईलमध्ये यंत्राचे नाव आणि त्यापुढचा कंस यांत जागा सोडायची नसते. चुकून एक मोकळी जागा पडली, की कंसातली लिहिण्या-वाचण्याची परवानगी त्या यंत्राला न मिळता साऱ्या जगाला मिळते. एका मोकळ्या जागेने एवढा अनर्थ! म्हणून प्रत्येक नव्या प्रोग्रामचे माहितीपुस्तक उघडून आधी एकच ओळ शोधा: कोणतेही नाव जुळले नाही तर हा काय करतो?

स्वतःलाच बाहेर कोंडू नका

लांबून सर्व्हर चालवणाऱ्यांवर ही वेळ एकदा तरी येते. कडी लावली आणि आपण दाराबाहेर. मग रात्री दोन वाजता कोणाला तरी उठवून यंत्राजवळ पाठवा. हे टाळण्याच्या तीन सवयी आहेत.

नियम बदलताना आधीची जोडणी तोडू नका. चालू जोडणी सहसा टिकून राहते. दुसरी खिडकी उघडून नव्याने आत येता येते का ते पाहा, आणि आलात तरच पहिली बंद करा.

एसएसएचची फाईल बदलली तर लागू करण्याआधी 'एसएसएचडी' ला 'टी' हा पर्याय देऊन ती तपासून घ्या.

फायरवॉलडीमध्ये आधी तात्पुरता बदल करा. तात्पुरता बदल यंत्र बंद-चालू केले की पुसला जातो, म्हणजे चुकलात तरी परतीची वाट राहते. खात्री पटल्यावर मगच तो कायमचा करा. पण कायमचा करायला विसरलात तर पुढच्या खेपेला वीज गेली की नियमही गेला, हेही ध्यानात असू द्या.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. हा सारा पहारा पत्त्यावर चालतो, माणसावर नव्हे. घरच्या इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो. एका पत्त्यामागे कधी एक माणूस असतो, कधी अख्खी इमारत. कचेरीतल्याच एखाद्या संगणकात विषाणू शिरला तर चोर 'आपल्या' पत्त्यावरून येतो, आणि पहारेकरी त्याला सलाम ठोकून आत सोडतो. उलट, रजेवर गावी गेलेल्या प्रामाणिक कारभाऱ्याला तोच पहारेकरी हाकलून देतो.

"कुठून आलास?" एवढ्यावरून माणसाची पारख करू नये, हे आपल्या घरांत लहानपणीच कळते. यंत्राच्या दारावर तो प्रश्न गर्दी कमी करण्यापुरता ठीक आहे. पण "तू कोण?" हा प्रश्न सुटू नये. म्हणून पत्त्याच्या पहाऱ्यामागे पक्की ओळख हवीच. एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्लीची फाईल वापरणे चांगले. किल्लीने प्रवेश चालतो याची खात्री झाल्यावर पासवर्डाने शिरण्याची सोयच बंद करावी. मग बाहेरचा रात्रभर अंदाज लावत बसला तरी हाती काही लागत नाही.

आणि पहारेकऱ्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नये. २१ जानेवारी १९९९ ला आइंडहोव्हनच्याच साठ्यावरची टीसीपी रॅपरची प्रत कोणीतरी बदलून ठेवली. त्या बनावट प्रतीत चोरदार होते. ४२१ या ठरावीक नंबरवरून हाक आली की ती थेट सगळ्यात वरचे अधिकार देऊन टाकी. चोर अडवण्यासाठी लोकांनी जो पहारेकरी घरी नेला, तोच चोराचा माणूस निघाला. अस्सल प्रतीवर लेखकाची अंकीय सही होती. ती ताडून पाहणाऱ्याला बदल लगेच कळण्यासारखा होता. म्हणून बाहेरून आणलेल्या प्रोग्रामची सही तपासणे ही वेळ वाया घालवण्याची गोष्ट नव्हे.

मुलाने काय केले?

चहा पुन्हा गरम करून आणला. या खेपेला त्याने तो प्यायला. मी म्हटले, "साहेबांसमोर मान खाली घालून उभा राहू नकोस, आणि दुसऱ्यावर ढकलूही नकोस. एक पान लिहून काढ." त्यात चार गोष्टी: काय झाले, का झाले, आता काय केले, आणि ते बाहेरून तपासून कसे पाहिले. कोणत्या सालापासून वह्या वाचणे बंद झाले तेही त्यात घाल. "जसे आहे तसे करून ठेव" या हुकमातच कुठे खोट होती, ते वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

त्याने ते पान त्याच संध्याकाळी लिहिले, आणि रात्रपाळीत साहेबांना विचारून फायरवॉलचा नियम बदलला. सकाळी कचेरीबाहेरच्या टपरीवर उभा राहून मोबाईलवरून दार ठोठावले. बराच वेळ उत्तर आले नाही, मग जोडणी आपोआप तुटली. मला फोन करून म्हणाला, "काका, दार बंद आहे." कंत्राटाचे काय होते ते महिनाअखेरीस कळेल. पण पुन्हा कोणी "दार उघडे कसे राहिले?" असे विचारले, तर उत्तर आता त्याच्याजवळ आहे.

आई-बापांनीही एक करावे. मूल रात्रपाळीहून आले की "जेवलास का?" याबरोबर "आज काय शिकलास?" हेही विचारावे. उत्तर कळले नाही तरी चालेल. ते आपल्या भाषेत समजावून सांगताना मुलाला स्वतःलाच कळते की त्याने काय पडताळले आणि काय नुसते धरून चालला.